न बोलणाऱ्या मुलाची दाढदुखी

"डॉक्टर, याला झोपेचं काहीतरी औषध द्या बघा. पंधरा दिवस झालं, घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही," असे म्हणत एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलगा स्वमग्न आहे. तो बोलत नाही. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. या कुटुंबाला मी मूल पाळण्यात असल्यापासून ओळखतो. दोन आठवड्यांपासून मुलगा रात्री दोनदा-तीनदा दचकून उठत होता. उजव्या गालावर स्वतःच्याच मुठीने मारून घेत होता. आवडीची भाकरी सोडून फक्त दहीभात खात होता, आणि आईने तोंड पुसायला हात पुढे केला की हाताला चावत होता.

मी कान पाहिले, छाती तपासली. तोंड उघडायला तो तयार नव्हता, म्हणून मी आग्रह धरला नाही. ही सारी लक्षणे स्वमग्नतेचीच, वय वाढते आहे तसा हट्टही वाढला आहे, असा समज करून घेऊन मी मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. चारच दिवसांनी तो मुलगा परत आला तेव्हा उजवा गाल फुगला होता आणि अंगात ताप होता. त्याची खालची उजवी दाढ आतून पोखरून तिच्या मुळाशी पू झाला होता. पंधरा दिवस तो मुलगा आपल्याला जमेल त्या भाषेत, स्वतःच्या मुठीने, दुखणारी जागा दाखवत होता. ती भाषा आम्हा कुणालाच वाचता आली नाही. आईचे राहू द्या, ती डॉक्टर नाही. चूक माझी होती.

आजचा लेख त्या चुकीतून लिहिला आहे. आपल्या घरात, शेजारी किंवा नात्यात असे मूल असेल तर तो जरूर वाचावा आणि जपून ठेवावा.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. इंग्रजीत तिला ऑटिझम म्हणतात. हा मेंदूच्या वाढीतील जन्मजात वेगळेपणा आहे. तो संसर्गाने होत नाही, आईबापांच्या लाडाने किंवा दुर्लक्षानेही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एकजण स्वमग्न होता. म्हणजे आपल्या गावात, आपल्या पेठेत अशी मुले असणारच.

या मुलांना इतरांशी बोलणे-मिसळणे अवघड जाते. रोजचा क्रम बदललेला त्यांना सोसत नाही. शिवाय आवाज, उजेड, वास, चव आणि स्पर्श यांची जाणीव त्यांच्यात फार तीव्र किंवा फार मंद असते. आपल्याला टूथपेस्ट थंडगार वाटते, तीच एखाद्या स्वमग्न मुलाला मिरचीसारखी झोंबते. ब्रशचे केस त्याला काट्यासारखे टोचतात. उलट एखाद्याची दाढ किडून सडली तरी त्याला वेदना जाणवत नाही, किंवा जाणवते पण सांगता येत नाही. दातांच्या बाबतीत सगळी अडचण येथूनच सुरू होते.

दात का बिघडतात?

या मुलांचे दात जन्मतः कच्चे नसतात. कीड सर्व मुलांत एकाच रीतीने लागते. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळवते. गोड खाल्ल्यानंतर साधारण अर्धा तास हा मारा चालू राहतो. मग लाळ हळूहळू नुकसान भरून काढते. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, याला महत्त्व अधिक. दर तासाला एक बिस्कीट खाणाऱ्या मुलाच्या लाळेला दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

स्वमग्न मुलांत याची काही खास कारणे आढळतात. अनेकांना ठरावीक, मऊ आणि गोड पदार्थच चालतात. चहात बुडवलेले बिस्कीट हा त्यातला नेहमीचा. काहीजण घास गालात तासन् तास धरून ठेवतात. शिकवताना "शाबास" म्हणून हातावर चॉकलेट ठेवण्याची पद्धत असते. पुष्कळ पातळ औषधे गोड असतात आणि ती नेमकी झोपण्यापूर्वी दिली जातात. त्यात ब्रशला तोंड बंद.

काही औषधांचाही संबंध असतो. या मुलांपैकी अनेकांना फिट्स येतात. फेनिटॉइन या फिट्सवरील औषधाने हिरड्या फुगून दातांवर चढू शकतात. व्हॅल्प्रोएटने क्वचित रक्त गोठायला वेळ लागतो, ही गोष्ट दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ठाऊक असलीच पाहिजे. वागणुकीसाठी दिलेल्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते किंवा लाळ फार सुटते. म्हणून औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, मात्र त्यांची चिठ्ठी दंतवैद्याला दाखवावी.

याशिवाय झोपेत किंवा जागेपणी दात करकरा खाणे, हिरडी नखाने ओरबाडणे आणि पेन्सिल, कपडे, माती चावणे या सवयीही पुष्कळ मुलांत दिसतात.

"दुधाचीच दाढ असेल"

वरील मुलाची आई मला म्हणाली, "दुधाचीच दाढ असेल म्हणून मीबी लक्ष दिलं नाही, पडून जाईल म्हटलं." ही समजूत सुशिक्षित घरांतही आहे. मुलाला अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ उगवते. ती कायमची असते. कोणताही दात पडलेला नसल्यामुळे तिला घरचे दुधाची समजतात. या मुलाची गेलेली दाढ हीच होती. ती आता पुन्हा येणार नाही.

आणि दुधाच्या दाढा तरी लवकर कुठे पडतात? त्या दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर मूल जेवू शकत नाही आणि झोपू शकत नाही. त्या अकाली काढाव्या लागल्या तर कायमचे दात वेडेवाकडे येतात.

न सांगता येणारे दुखणे कसे ओळखावे?

बोलू न शकणाऱ्या मुलाच्या वागण्यात अचानक बदल झाला, तर तो स्वभावाचा भाग समजण्यापूर्वी दुखण्याचा शोध घ्यावा. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात:

१. एकाच गालावर, कानावर किंवा जबड्यावर मारून घेणे, डोके भिंतीवर आपटणे.
२. कडक पदार्थ नाकारणे, एकाच बाजूने चावणे, गार पाणी तोंडाला लावताच बाजूला करणे.
३. रात्री वारंवार उठणे, विनाकारण रडणे.
४. लाळ वाढणे, तोंडाला दुर्गंधी येणे, बोटे सतत तोंडात घालणे.
५. आतापर्यंत ब्रश करू देणाऱ्या मुलाने एकदम नकार देणे.

गालाला सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवावे. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेनासे झाले, गिळता येईनासे झाले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी थांबू नये, सरळ मोठ्या रुग्णालय गाठावे. दुखऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ती अजिबात करू नये, त्याने हिरडी भाजते. काही घरांत आजी प्रेमाने नातवाच्या हिरडीला मिश्री चोळते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती कोणत्याच मुलाला लावू नये.

घरी ब्रशची सवय कशी लावावी?

दोघांनी हातपाय धरायचे आणि तिसऱ्याने ब्रश फिरवायचा, असे अनेक घरांत चालते. त्या दिवशी दात स्वच्छ होतात, पण मुलाच्या मनात ब्रश म्हणजे मारहाण असे पक्के बसते. त्यापेक्षा पायरीपायरीने जावे.

पहिले काही दिवस ब्रश फक्त हातात द्यावा, खेळू द्यावा. नंतर तो गालाला बाहेरून लावावा, मग ओठांना, मग पुढच्या दातांना, तेही एक ते पाच मोजेपर्यंत. पाच झाले की ब्रश बाहेर, मूल शांत असो वा नसो. दिलेला शब्द पाळला जातो हे मुलाला कळले की ते पुढच्या वेळी तोंड उघडते. मग पाचाचे दहा करावेत. एका पायरीला आठवडा लागला तरी लागू द्यावा. मूल बिथरले तर एक पायरी मागे यावे.

वेळ, जागा आणि शब्द रोज तेच ठेवावेत. आपल्या सोलापुरात घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. आई एका भाषेत आणि शिक्षिका दुसऱ्या भाषेत "आ कर" म्हणत असेल तर मूल गोंधळते. घरच्या भाषेतला एक शब्द ठरवावा आणि तो सर्वांनी वापरावा. शब्दापेक्षा चित्र या मुलांना लवकर कळते. ब्रश, पेस्ट, दात घासणे, चूळ आणि शेवटी आवडीचा खेळ, अशी पाच चित्रे किंवा मोबाईलवर काढलेले फोटो ओळीने आरशाशेजारी चिकटवावेत.

मुलाच्या समोर उभे न राहता मागे उभे राहावे, त्याचे डोके आपल्या पोटाशी टेकवावे आणि दोघांनी आरशात पाहावे. लहान मूल असेल तर दोन मोठ्या माणसांनी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसावे आणि मुलाला मांड्यांवर आडवे निजवावे. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ असावा. काही मुलांना विजेच्या ब्रशची थरथर आवडते, काहींना मुळीच सोसत नाही. हे करून पाहूनच कळते.

पेस्ट फ्लोराईडची असावी, साधारण १००० पीपीएमची. हा आकडा ट्यूबवर छापलेला असतो. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. झोंबणारी चव नको असेल तर फेस न होणारी, सौम्य चवीची पेस्ट मिळते. पेस्ट चालतच नसेल तर नुसत्या पाण्याने ब्रश करावा, काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरे. राखुंडी आणि भरड मंजन टाळावे, त्यांनी दात झिजतात. मूल मोठे झाले, स्वतः ब्रश करू लागले, तरी रात्रीचा ब्रश आईवडिलांनी एकदा फिरवावा. सकाळी वेळ नसेल तर नसो, पण रात्रीचा ब्रश चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि किडीला मोकळे रान मिळते.

खाण्याबाबत थोडेसे

स्वमग्न मुलाचे खाणे एका दिवसात बदलता येत नाही. जबरदस्ती केली तर ते आहे तेही सोडते. म्हणून आधी वेळ बदलावी, पदार्थ नंतर. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्यावे, मधल्या वेळी नको. दोन खाण्यांच्या मध्ये फक्त पाणी द्यावे. गोड औषधानंतर दोन घोट पाणी पाजावे. घास गालात राहत असेल तर जेवणानंतर ओल्या स्वच्छ फडक्याने गाल आतून पुसावा. बक्षीस चॉकलेटचेच हवे असे नाही. भिंगरी, साबणाचे फुगे, झोपाळ्यावर पाच झोके हेही बक्षीसच आहे. शाळेतल्या बाईंनाही हे सांगून ठेवावे.

दंतवैद्याकडे पहिली भेट

मुलाची दंतवैद्याकडची पहिली भेट दुखत नसताना झाली पाहिजे. वयाच्या पहिल्या वर्षाच्या आसपास ती व्हावी, राहून गेली असेल तर या महिन्यात करावी. पहिल्या भेटीत काहीही करायचे नाही. खुर्ची पाहायची, वर-खाली करायची आणि घरी यायचे. दुसऱ्या भेटीत लहान आरसा हातात घ्यायचा. तिसऱ्या भेटीत तो तोंडात जाईल. ज्याची दाढ ठणकते आहे त्या मुलाबाबत इतकी सवड मिळत नाही.

जाण्यापूर्वी दंतवैद्यांना फोन करून मूल स्वमग्न आहे हे सांगावे. सकाळची पहिली वेळ मागावी, म्हणजे थांबावे लागत नाही. मुलाला कशाची भीती वाटते आणि कशाने ते शांत होते, हे एका कागदावर लिहून न्यावे. तिथल्या खुर्चीचे, दिव्याचे, डॉक्टरांच्या मुखपट्टीचे फोटो आधी घरी दाखवावेत. घरी दिवाणावर निजवून, टॉर्च लावून, चमच्याने दात मोजण्याचा खेळ खेळावा. जाताना काळा चष्मा, आवडीचे खेळणे आणि अंगावर घ्यायला घरचाच सोलापुरी टॉवेल न्यावा. ओळखीचा स्पर्श मुलाला धीर देतो.

हे लाड नव्हेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयात सहा ते बारा वर्षांच्या १६२ स्वमग्न मुलांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाचे दात एकदा नेहमीच्या खोलीत आणि एकदा बदल केलेल्या खोलीत साफ केले गेले. बदल साधे होते: मंद उजेड, छतावर हळूहळू सरकणारी चित्रे, शांत संगीत आणि अंगाभोवती घट्ट गुंडाळलेले वेष्टन. बदललेल्या खोलीत मुलांच्या शरीरातील ताणाची लक्षणे कमी आढळली आणि वागणेही अधिक शांत होते. यात महागडी यंत्रसामग्री नाही. ट्यूबलाईट बंद करणे आणि गोंगाट थांबवणे आपल्याकडच्या कोणत्याही दवाखान्यात जमेल.

उपचार कोणते?

कीड लागू नये म्हणून दातांना फ्लोराईडचे वार्निश लावतात. दोन मिनिटांचे काम आहे, साधारण दर सहा महिन्यांनी, आणि धोका जास्त असेल तर त्याहून लवकर करतात. नव्या दाढांच्या खाचा पातळ लेपाने बुजवता येतात. कीड लागलीच असेल पण पू झाला नसेल, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड हे द्रव लावून ती थांबवता येते. त्याला यंत्र लागत नाही की इंजेक्शन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. दोष एकच, किडलेला भाग कायमचा काळा होतो. पण जबरदस्ती आणि काळा डाग यांत निवड करायची तर काळा डाग परवडला.

कीड फार असेल आणि मूल कोणत्याही उपायाने बसत नसेल, तर मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली संपूर्ण भूल देऊन सर्व दातांचे काम एकाच बैठकीत करतात. भुलेचे नाव काढताच पालक घाबरतात. नीट तपासणी करून, पोट रिकामे ठेवून दिलेली भूल बहुतेक मुलांत सुरक्षित असते. मात्र तो पहिला उपाय नव्हे. नुसत्या इंजेक्शनने जागा बधिर केली असेल तर दोन-तीन तास मुलावर लक्ष ठेवावे, कारण मूल बधिर ओठ चावून जखम करून घेते.

कुठे जावे?

आपल्या शहरात सिव्हिलचा दंतविभाग आहे आणि पुणे रस्त्यावर केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो, तो विचारावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन मुले तपासतात. त्या तपासणीत दातांचे विकारही पाहतात. पथक आले की आपल्या मुलाला घरी ठेवू नये, पुढे करावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. म्हणून प्रमाणपत्र जरूर काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' या आरोग्य विमा योजनेत स्वमग्न व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. उपचारांची बिले आणि चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात.

आता माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींना एक विनंती. बोलू न शकणारे मूल "वागणूक बिघडली" म्हणून समोर आले, तर चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याचे तोंड पाहा. एका दिवसात उघडले नाही तर दुसऱ्या दिवशी बोलवा. मी तेव्हा हे केले नाही, आता करतो.

त्या मुलाची दाढ भूल देऊन काढावी लागली. आणखी दोन दाढा भरल्या. त्या रात्री तो सलग आठ तास झोपला, असे त्याची आई सांगते, आणि त्याला झोपेचे औषध काही लागले नाही. आता दर तीन महिन्यांनी ती त्याला दंतवैद्याकडे नेते. पहिल्या खेपेला तो दारातूनच परत फिरला. मागच्या खेपेला खुर्चीवर बसला, टॉवेल घट्ट धरला आणि दहा मोजून होईपर्यंत तोंड उघडे ठेवले. दहा म्हणताच डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला.